न आठवणारी फायनल

बिडकीनच्या सोमनाथ टेकेला गावात घोरपड म्हणायचे. रंगावरून नाही, पकडीवरून. कबड्डीत तो डाव्या कोपऱ्याला उभा राहायचा आणि चढाईला आलेल्याच्या घोट्याला एकदा झोंबला की पंचांनी शिट्टी वाजवली तरी सुटका नसे. कुणीतरी जवळ जाऊन नाव घेऊन सांगावं लागे, की सोम्या, सोड आता, मेला तो. त्याची आई मालनबाई तर सांगायची, की जन्मला त्या दिवशी यानं दवाखान्यातल्या नर्सचं बोट धरलं ते तिला दुसऱ्या खाटेकडं जाता येईना. मालनबाईच्या गोष्टींत मीठ नेहमी चिमूटभर जास्तच असतं, पण पोरगा चिवट होता यात वाद नाही.

बारावीनंतर तो शहरात कॉलेजला आला आणि हिमांशू सरांच्या नजरेत भरला. हिमांशू सर वकिलांच्या घरातले. आजोबा वकील, वडील वकील, दोन्ही काका वकील. यांनी मात्र काळा कोट नाकारला, हाफ चड्डी चढवली आणि रग्बी शिकवायला सुरुवात केली. तीही अशा काळात, की शहरात रग्बीचा चेंडू मागितला तर दुकानदार फुटबॉल पुढं करून म्हणायचा, हाच जरा दोन्ही बाजूंनी दाबून घ्या. खेळाडू मिळेनात, म्हणून सर कबड्डीच्या स्पर्धांना जाऊन बसत आणि मुलगी बघायला आल्यासारखे एकेका पोराचे खांदे, पाय, चाल न्याहाळत.

"रग्बी खेळणार का?" त्यांनी सोमनाथला विचारलं.

"त्याच्यात काय असतंय सर?"

"समोरच्याला धरून पाडायचं."

"ते तर मी करतोच की."

"इथं त्याच्या हातात चेंडू असतो."

"मग तर लई सोपं हाय," सोमनाथ म्हणाला. "हात गुतल्यालेच असत्यात त्याचे."

सोपं काही नव्हतं. नाशिकला झालेल्या त्याच्या पहिल्याच सामन्यात चेंडू हातात आला आणि हा जो सुटला, तो तीन जणांना अंगावर घेऊन फरफटत गोलरेषेपर्यंत गेला. रेषा दिसली. आयुष्यभराच्या सवयीनं त्यानं उजवा हात लांब करून पंजा रेषेवर आपटला आणि डाव्या काखेतला चेंडू दिला सोडून. मग उठला, बोट वर करून पंचांकडं बघितलं आणि छाती फुगवून परत आपल्या बाजूला चालायला लागला. कबड्डीत मध्यरेषेला हात लागला की झोंबलेले सगळे बाद. इथं चेंडू टेकवावा लागतो, हात नाही. सोडलेला चेंडू विरुद्ध संघाच्या एका पोरानं शांतपणे उचलला आणि दुसऱ्या टोकाला जाऊन रेषेपलीकडं टेकवला, म्हणजे ट्राय केला. हिमांशू सर मैदानाबाहेर डोक्याला हात लावून खाली बसले होते. पण ते चिडले नव्हते. तीन जणांना ओढत नेणारा पोरगा त्यांना मिळाला होता, चेंडू टेकवायला काय, शिकवता येतं.

आणखी एक सवय सुटायला बरेच महिने गेले. चेंडू घेऊन पळताना हा दम धरून तोंडातल्या तोंडात कबड्डी, कबड्डी म्हणायचा. समोरच्यांना वाटायचं हा शिव्या देतोय. एकदा परभणीच्या पोरांनी पंचांकडं तशी तक्रारही केली होती.

घरी या खेळाचं कौतुक तर सोडाच, तो कुणाला कळतही नव्हता. वडील कारभारी टेके यांनी मोबाइलवर एक सामना निम्मा बघितला आणि फोन परत दिला.

"पुढं पळायचं आन् चेंडू मागं द्यायचा," ते म्हणाले. "आसला उफराटा खेळ कुनी काढला?"

"इंग्रजायनी काढला दादा."

"तरीच."

मालनबाईची अडचण वेगळी होती. तिला खेळ कळायची गरज वाटत नव्हती, पोरगं किती सुजून येतं तेवढंच ती बघायची. पहिल्या काही वर्षांत त्याचं खांद्याचं हाड मोडलं, करंगळी कायमची वाकडी झाली, एका भुवईत टाके पडले. पण प्लॅस्टर दिसतं, टाके दिसतात. दिसणारं दुखणं मालनबाईला सोसत होतं. हळद घातलेलं दूध द्यायचं, दोन शिव्या खेळाला आणि एक हिमांशू सरांना द्यायची, की झालं.

सोमनाथ वर चढत गेला. राज्याचा संघ झाला, देशाच्या संघाचं शिबिर झालं, परदेशच्या दोन-तीन वाऱ्या झाल्या. आणि मग मुंबईत रग्बीची लीग सुरू झाली, एका संघानं त्याला करारावर घेतलं, आणि बिडकीनला पहिल्यांदा कळलं की माणसं पाडण्याचा पगारही मिळतो. तोवर त्याचं लग्न झालं होतं. बायको मोनिका वैजापूरची, शहरातल्या एका शाळेच्या ऑफिसात कामाला. तिथंच सिडकोत दोन खोल्यांचं भाड्याचं घर. मोनिकाला खेळ कळायचा. नुसता कळायचा नाही, तर याचा टॅकल, म्हणजे पकड, चुकला की ती घरी आल्यावर तो कसा चुकला हे स्वयंपाकाच्या ओट्याजवळ उभं राहून करून दाखवायची.

आता मुख्य गोष्टीकडं येतो.

रग्बीत डोक्याला मार लागला की खेळाडूला बाहेर काढतात आणि डॉक्टर त्याची परीक्षा घेतात. कुठल्या मैदानावर आहेस, शेवटचा ट्राय कुणी केला, हे पाच शब्द लक्षात ठेव, एका पायावर उभा राहा. त्यात एक प्रश्न ठरलेला असतो, की वर्षाचे महिने उलटे म्हण. शुद्धीवरचा माणूस जरा अडखळत का होईना म्हणतो. मेंदूला हिसका बसलेला असेल तर वाटेत हरवतो. चांगली परीक्षा आहे. पण ज्यांनी ती काढली, त्यांना मराठी शाळेतलं पाठांतर माहीत नसावं.

संघातल्या एका जुन्या खेळाडूनं सोमनाथला पहिल्याच हंगामात सांगून ठेवलं होतं, की महिने उलटे पाठ करून टाक, बाहेर बसायची वेळ येणार नाही. सोमनाथनं मनावर घेतलं. शाळेत तीसपर्यंतचे पाढे जसे पाठ केले होते, अर्थाची भानगड न ठेवता, चालीवर, तसेच त्यानं डिसेंबर-नोव्हेंबर-ऑक्टोबर पाठ केले. संघाच्या बसमध्ये खिडकीशी बसून तो ते पुटपुटायचा. झोपेतून उठवलं तरी एका दमात जानेवारीपर्यंत यायचा. यात आपण काही वाकडं करतोय असं त्याच्या मनातही आलं नाही. परीक्षा आहे म्हटल्यावर पाठ करायचं, आणि काय करतात परीक्षेचं?

यंदाच्या सेमीफायनलला एका धिप्पाड गड्याला खाली घेताना त्याचा गुडघा सोमनाथच्या कानशिलावर बसला. सोमनाथ लगेच उठला. पडून राहणं ही कबड्डीतली लाज, ती अंगात भिनलेली. पण उठल्यावर तो चुकीच्या संघाच्या रांगेत जाऊन उभा राहिला, म्हणून त्याला बाहेर काढलं. पाच शब्दांतले दोन सुटले. डॉक्टरांच्या कपाळावर आठी पडली. मग महिने आले, आणि सोमनाथनं ते असे धडाधड म्हणून दाखवले, की आठी गेली. डोकं दुखतंय का, त्यांनी विचारलं. नाही, तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो फायनल खेळला. संघ जिंकला. शेवटच्या क्षणी, ट्राय होणारच असं वाटत असताना, ज्यानं समोरच्याचे पाय धरून त्याला रेषेच्या अलीकडं पाडलं, तो सोमनाथ टेके. बक्षीसही त्यालाच मिळालं.

त्या फायनलचं त्याला काहीही आठवत नव्हतं.

सुरुवातीला वाटलं, थकव्यानं झालं असेल. त्यानं तो सामना मोबाइलवर पुन्हा पुन्हा बघितला. करंडक उचलणारा, ओरडणारा, कॅमेऱ्याकडं बघून डोळा मारणारा तो माणूस आपण आहोत एवढं त्याला पटत होतं, बाकी कोरं. बिडकीनला सत्कार झाला. फेटा बांधला, डीजे लावला. त्या आवाजानं त्याला मळमळायला लागलं, तरी तो हसत उभा राहिला. माइक हातात दिल्यावर त्यानं शेवटची पकड तपशिलानं सांगितली, व्हिडिओत होती तशीच, एकही चूक न करता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपण न गेलेल्या लग्नाचं वर्णन करतोय असं त्याला वाटत होतं, आणि घरी आल्यावर पडदे ओढून तो झोपून गेला.

मग औरंगपुऱ्याच्या बाजारातली गोष्ट घडली. रविवारी दुपारी मोनिकानं त्याला भाजीला पाठवलं. तासाभरानं तो रिक्षानं परत आला. हातात पिशवी नाही, चेहरा उतरलेला.

"गाडी चोरीला गेली," तो म्हणाला.

मोनिका लगेच निघाली. त्यानं दाखवलेल्या जागी खरंच गाडी नव्हती. दोघं पोलीस चौकीत गेले. हवालदार अनुभवी होता, सोमनाथचं सगळं ऐकून म्हणाला, "पाव्हणं, आदी आजूबाजूच्या गल्ल्या बघून या. चोर बी रविवारी सुट्टी घेत्यात." दोन गल्ल्या सोडून, एका भांड्यांच्या दुकानापुढं गाडी उभी होती. किल्ली लावलेली. हुकाला पिशवी, पिशवीत सुकलेली कोथिंबीर.

"भय्या, तुमीच तो बोले थे ना, पाँच मिनट देखो करके," दुकानदार वैतागून म्हणाला. "मैं कब से शटर गिराने को रुका हूँ."

हा माणूस सोमनाथनं जन्मात पाहिलेला नव्हता. तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय, ते त्याला त्या भांड्यांच्या दुकानापुढं कळलं. मोनिकानं दुकानदाराची माफी मागितली, किल्ली फिरवली, आणि सिडकोपर्यंत गाडी तिनं चालवली.

घरी आल्यावर तिनं चहा ठेवला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "फायनलमधी तुम्ही त्या शेवटच्याला पाडलं ना, ते सांगा की परत."

तो सांगायला लागला. ती मध्येच थांबवून म्हणाली, "हे व्हिडिओत हाय. व्हिडिओत नाय ते सांगा. त्या दिवशी सकाळी नाष्ट्याला काय खाल्लं? हॉटेलातून मैदानावर कशानं गेले?"

चहा उतू गेला तरी दोघांपैकी कुणी उठलं नाही. मग तो म्हणाला, "काय बी नाय आठवत, मोनिका. लई भ्या वाटतंय मला." एवढं बोलल्यावर त्याला इतक्या दिवसांत पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

डॉ. दमयंती वझरकर या मेंदूच्या डॉक्टर, साठी ओलांडलेल्या, शहरातल्या जुन्या माणसांपैकी. खेड्यापाड्यांतून मोटरसायकलवरून पडलेल्यांची रांग त्यांच्या दाराशी वर्षानुवर्षं लागत आली आहे. त्यांनी सोमनाथला डोळे मिटून उभं केलं, नाकाला बोट लावायला लावलं आणि मग म्हणाल्या, "वर्षाचे महिने उलटे म्हणून दाखवा बरं."

सोमनाथचे खांदे सैल झाले. हा पेपर त्याचा होता. एका दमात तो डिसेंबरपासून जानेवारीपर्यंत आला.

"हे पाठ आहे तुमचं," बाई म्हणाल्या. "असू दे. आता आपले सांगा. उलटे नकोत, सरळच. चैत्रापासून."

हा काही सापळा नव्हता. खेड्यातून येणाऱ्या प्रत्येकाला त्या असंच विचारत, कारण पेरणीपासून सणावारापर्यंत माणसं त्याच महिन्यांवर चालतात आणि इंग्रजी महिने उलटे म्हणा म्हटलं तर धडधाकट माणूसही गोंधळतो.

"चैत्र," सोमनाथ म्हणाला. "वैशाख. ज्येष्ठ. आषाढ."

आणि पुढं काही नाही.

पुढं पोळा आहे, हे त्याला ठाऊक होतं. बैलांची रंगवलेली शिंगं डोळ्यांपुढं दिसत होती, पुरणाचा वास येत होता, दादा बैलांच्या पाया पडताना टोपी काढतात तेही दिसत होतं. सण दिसत होता, महिना दिसत नव्हता. ज्या घरात या महिन्यात मटण शिजत नाही, मालनबाई सोमवार सोडत नाही, त्या घरातल्या पोराला त्याचं नाव सापडेना. तो परत चैत्रापासून निघाला. परत आषाढाशी येऊन थांबला.

"मोनिका," तो म्हणाला, "कंचा गं?"

मोनिकाचे ओठ हलले. बाईंनी हात वर करून तिला थांबवलं. मैदानावर शंभर किलोची माणसं अंगावर येताना ज्याला कधी घाम फुटला नाही, तो त्या लहानशा खोलीत खुर्चीचे हात घट्ट धरून रडायला लागला.

मग त्यानं सगळं सांगितलं. बस, खिडकी, पाठ केलेले महिने, कोरी फायनल, सगळं. बाईंनी ऐकून घेतलं. त्या रागावतील असं त्याला वाटत होतं, आणि त्या रागावल्याही.

"पाठांतर चांगलं आहे तुझं," त्या म्हणाल्या. आता त्या त्याला अरेतुरे करायला लागल्या होत्या. "पण धूळ तू डॉक्टरच्या डोळ्यांत नाही फेकलीस, स्वतःच्या फेकलीस. मार लागलेला असताना परत मार लागला, तर उठता येत नाही कधी कधी. फायनलला तुला परत लागलं नाही, हे नशीब. आता आत काय झालंय ते बघू या."

स्कॅनच्या दिवशी कारभारी आणि मालनबाई बिडकीनहून पहिल्या गाडीनं आले. बाहेरच्या बाकावर सगळे बसले. कारभारी दोनदा चहा प्यायला म्हणून उठले आणि दोनदा न पिताच परत आले. सोमनाथला मात्र सारखा एकच विचार येत होता. खेळ जाईल का, हा नाही. उद्या सकाळी हिचं नाव आठवलं नाही तर काय करायचं, हा. तो शेजारी बसलेल्या मोनिकाचं नाव मनातल्या मनात म्हणत राहिला, आणि हेही आपण पाठच करतोय हे लक्षात आल्यावर थांबला.

बाईंनी सगळ्यांना एकदमच आत बोलावलं. "रक्तस्राव नाही," खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं. "सूज नाही. हिसका जोराचा बसलाय, पण भरून येईल. पूर्ण विश्रांती मात्र हवी."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मालनबाईनं बाईंचे हात धरले ते सोडेना. पोरगा कुणावर गेलाय ते बाईंना तेव्हा कळलं असावं. कारभारी गुपचूप बाहेर गेले आणि चहावाल्याला त्यांनी बाकावरच्या सगळ्यांना चहा द्यायला सांगितला. त्यात कोण कुठले अनोळखी पेशंट होते, एकाच्या डोक्याला बँडेज होतं, त्यालाही कारभारींनी आग्रहानं पाजला.

विश्रांती बिडकीनलाच घ्यायची ठरली. मोनिकानं शाळेतून रजा काढली. मोबाइल नाही, टीव्ही नाही, उन्हात फिरणं नाही, मोठा आवाज नाही. यातला शेवटचा नियम कारभारींनी असा पाळला की गावात त्याची चर्चा झाली. शेजारच्या गल्लीतली हळदीची मिरवणूक डीजे लावून घरावरून चालली, तर हा माणूस रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. "आमच्या दारावरून मुक्यानं जायचं," ते म्हणाले. "फुडं गेल्यावर काय नाचायचं ते नाचा." आणि मिरवणूक खरोखर बंद डीजेनिशी, नवरदेवाच्या मामासह, टेक्यांच्या दारावरून पाय न वाजवता गेली.

सोमनाथ पडून राही. पहिले काही दिवस चिडचिड झाली, मग झोप लागायला लागली, मग एका सकाळी उजेड डोळ्यांना बोचला नाही. मालनबाई उपवासाची भगर निवडत बसली होती. "आज सोमवार व्हय?" त्यानं विचारलं. "श्रावण लागला का?" मालनबाई हातातलं ताट तसंच ठेवून मोनिकाला हाका मारत आत पळाली. श्रावण लागायला अजून अवकाश होता, तिचा तो सोमवार आपला नेहमीचा होता. पण चुकीच्या उत्तराला एवढं डोक्यावर घेतलेलं सोमनाथनं पहिल्यांदाच बघितलं, आणि आपण काय बोललो हे कळल्यावर तोही हसायला लागला.

दुसऱ्या तपासणीला सगळं ठीक निघालं. फायनल मात्र परत आली नाही. ती येणार नाही, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं.

"खेळू का मग?" सोमनाथनं विचारलं.

"हळूहळू सुरुवात करता येईल. मी बंदी घालत नाही," बाई म्हणाल्या. "पण तुझ्या खेळात डोकं वाचेलच असं मला लिहून देता येत नाही, आणि तुलाही नाही. पुढच्या वेळी थोडा मारही जोराचा लागेल आणि उशिरा बरं होईल. ठरव तू."

आणि नेमकं त्याच आठवड्यात मुंबईच्या संघाचे मॅनेजर राजेंद्र सर यांचा निरोप आला, की पुढच्या हंगामाला कप्तान तू. हिमांशू सरांनी मैदानावर धुळीत रेषा आखून दिल्या, तेव्हापासून सोमनाथला हे हवं होतं. कप्तानपदासाठी त्यानं खांदा मोडून घेतला होता, करंगळी दिली होती. कारभारींनी विषय निघू नये म्हणून जेवताना नुसत्या पावसापाण्याच्या गप्पा मारल्या. तो दोन दिवस शिवारातून फिरत राहिला. खेळायची हौस फिटली होती का? मुळीच नाही. उद्या सकाळी उठून कुणाला तरी आडवं करावं असं त्याला आतून वाटत होतं. पण आषाढापुढं उभं राहून ज्या अंधारात त्यानं हात चाचपले होते, तिथं परत जायची त्याची छाती नव्हती. आपण भ्यालोय हे त्यानं स्वतःशी कबूल केलं, आणि कबूल केल्यावर त्याला नवल वाटलं, की याची आपल्याला लाज वाटत नाही.

दुपारी त्यानं ओसरीत बसून राजेंद्र सरांना फोन लावला. आधी महिन्यांचं सांगितलं, मग फायनलचं, मग नकार.

"अरे मूर्खा," राजेंद्र सर म्हणाले, "माझ्या मैदानावर मेला असतास तू." आणि त्यांनी त्याला झोडपायला सुरुवात केली. डॉक्टरांना फसवलंस, मला फसवलंस, उद्या तुझ्या बायकोला मी काय तोंड दाखवलं असतं. संघातल्या किती जणांनी असं पाठ केलंय ते आता एकेकाला बसवून विचारतो, म्हणाले. सोमनाथ फोन कानाला लावून सगळं ऐकत होता, आणि जसजसा शिव्यांचा जोर वाढत होता तसतसं त्याला हलकं वाटत होतं. शेवटी राजेंद्र सरांचा आवाज खाली आला. "बरा आहेस ना पण आता?" त्यांनी विचारलं. "हाव सर," सोमनाथ म्हणाला. "लई बरा हाय." हिमांशू सर केव्हापासून त्याला पोरं शिकवायला बोलवत होते, ते त्यानं फोनवर सांगितलं. राजेंद्र सर म्हणाले, शिकव, आणि तुझ्यासारखी अक्कल कुणाला शिकवू नकोस.

आत मोनिका कपड्यांच्या घड्या घालत होती. तो दारात उभा राहून म्हणाला, "नाय म्हनून सांगितलं. आता खेळत नाय मी."

"बरं," ती म्हणाली. हातातल्या शर्टाची घडी तिनं पुरी केली, गठ्ठ्यावर ठेवली. मग म्हणाली, "जरा पडते मी," आणि भर दुपारी, उशीसुद्धा न घेता, तिथंच चटईवर आडवी झाली. सोमनाथ आणखी काही बोलेपर्यंत तिला झोप लागली होती.

तो चकित होऊन बघत राहिला. मोनिका दुपारची झोपणारी बाई नव्हे. मालनबाई स्वयंपाकघरातून आली, तिनं सुनेच्या अंगावर पातळाची घडी टाकली आणि लेकाला बाजूला घेतलं.

"झोपू दे तिला," ती हळू आवाजात म्हणाली. "तुझ्या डोक्याचं कळल्यापास्नं डोळ्याला डोळा नाय तिचा. तू झोपला की उशाला बसून ऱ्हायची. तुझ्या नाकाम्होरं बोट धरून बघायची, श्वास चाललाय का. मी म्हनलं, पोरी, मी बसते, तू नीज. तर म्हनली, नाय, तुमचा डोळा लागंल."

सोमनाथला काहीच माहीत नव्हतं. तो सुखानं घोरत होता.

तो तिच्याजवळ येऊन जमिनीवर बसला. कुकरची शिट्टी होणार असं वाटलं तेव्हा उठून त्यानं गॅस बंद केला. फोन वाजला, तो त्यानं न बघता बंद केला. भंगारवाला ओरडत गल्लीत शिरला, तर अनवाणी बाहेर जाऊन त्याला हात जोडून पुढं पाठवलं. ऊन भिंतीवरून उतरून चटईच्या कडेपर्यंत आलं, तसा तो सरकून तिच्या आणि उन्हाच्या मध्ये बसला.

संध्याकाळच्या सुमाराला मोनिका झोपेतच कुशीवर वळली. डोळे मिटलेलेच होते. तिचा हात उठला, हवेत चाचपडला आणि त्याच्या तोंडाकडं यायला लागला. सोमनाथ खाली वाकला आणि तिचं बोट नाकापुढं येईल असा चेहरा धरून थांबला.

"चाललाय," तो म्हणाला. "झोप तू."